नेट अडलं की आधी डब्यावरचे दिवे बघूया



घरचं नेट अडलं की आपल्या गटांत एकच सल्ला फिरतो, "बंद करून चालू करा." सल्ला वाईट नाही, पण बिघाड कुठे आहे हे न बघता केलं तर ते अंधारात चाचपडणंच. कुणी मग 50 चा प्लॅन 200 चा करून घेतो. दर महिन्याला जादा पैसे जातात, आणि आतल्या खोलीत आजींचा व्हिडिओ कॉल पहिल्यासारखाच अडखळतो.

नेट तीन टप्प्यांनी येतं. बाहेरून आलेली तार, भिंतीवरचा डबा, आणि डब्यापासून फोनपर्यंतचं वायफाय. आपल्याला फक्त तुटलेला टप्पा शोधायचाय.

फायबरची लाइन असेल तर डब्यावर 'पीओएन' आणि 'एलओएस' असे दोन दिवे असतात. एलओएस लाल लुकलुकतोय म्हणजे तारेतून प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. इथे दहा वेळा बटण दाबून काही होणार नाही. तार कपाटामागे चेपली किंवा दाराच्या फटीत दुमडली आहे का तेवढं बघा. फायबर आतून काचेचं असतं, फार दुमडलं की प्रकाश वाटेतच बाहेर निसटतो. तसं काही नसेल तर कंपनीला फोन करा, "एलओएस लाल आहे" असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तार काढून तिच्या टोकाला डोळा लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

पीओएन हिरवा स्थिर असेल तर तार ठीक आहे. तरी घरातल्या सगळ्याच फोनवर बंद? आधी रिचार्जची तारीख बघा (हसू नका, पुष्कळदा तेच असतं!). मग डब्याची वीज काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत चार-पाच मिनिटं द्या. मागच्या बारीक छिद्रात मात्र पिन घालायची नाही, कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते.

डब्याजवळ चालतं पण माजघरात नाही, तर दोष वायफायचा. गोव्याकडच्या चिऱ्याच्या भिंती किंवा ग्वाल्हेर-बेळगावच्या जुन्या वाड्यांतल्या दगडी भिंती, यांतून ते जेमतेम जातं. डबा लोखंडी कपाटाआड नको, घराच्या मध्यावर आणि उंचावर हवा. पुष्कळ डबे दोन नावं दाखवतात. 'फाइव्ह जी' लिहिलेलं वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. मोबाइलच्या फाइव्ह जीशी त्याचा संबंध नाही. लांबच्या खोलीत दुसरं नाव निवडा. व्हिडिओ कॉलला 3-4 एमबीपीएस पुरतात, त्यासाठी मोठा प्लॅन लागत नाही.

एकाच फोनवर अडत असेल तर त्या फोनमधून वायफायचं नाव काढून पासवर्ड पुन्हा घाला.

"नेट दुरुस्त करतो" म्हणून कुणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवा.

गटात मदत विचारताना दिव्यांचा फोटो जरूर टाका. डब्याच्या मागच्या स्टिकरचा मात्र नको, त्यावर पुष्कळदा पासवर्ड छापलेला असतो.