हृदयाचा पीळ

ओलें वस्त्र पिळतांना आपण त्याचीं दोन्ही टोकें विरुद्ध दिशांस पिरगाळतों. आपलें हृदयहि प्रत्येक ठोक्यास असेंच पिळलें जातें. त्याच्या भिंतींतील स्नायुतंतू आंतल्या व बाहेरल्या थरांत परस्परविरुद्ध दिशांनीं तिरपे गुंडाळलेले असतात. त्यामुळें आकुंचनाच्या वेळीं हृदयाची लांबी कमी होते, भिंत फुगते, आणि वरचें व खालचें अंग उलटसुलट वळतें.

कांहीं घराण्यांत हा स्नायु उघड कारणावांचून जाड होत जातो. अकस्मात् मरण पावलेल्या तरुणांच्या अशा हृदयांचें वर्णन लंडन येथील डॉ. डोनल्ड टीअर ह्यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलें. सुमारें ५०० माणसांत एकास हा विकार असतो. मातापित्यांपैकीं एकास ह्याचा आनुवंशिक दोष असल्यास प्रत्येक अपत्यांत तो उतरण्याचा संभव निम्मा असतो.

हा विकार फसवा आहे. हृदय आपल्यांतील रक्ताचा किती भाग बाहेर लोटतें हें मोजावें, तर तें प्रमाण बहुधा ठीकच भरतें. पोकळी लहान व भिंत जाड झाल्यानें एकंदर काम चांगलें दिसतें. परंतु एकेक तंतु पाहिजे तितका आखडत नाहीं. म्हणून केवळ आकार न पाहतां स्नायूची हालचाल पाहणें अवश्य ठरतें.

स्वीडनमधील लुंड येथें इंगे एड्लर व हेल्मुट हर्ट्झ ह्यांनीं १९५३ सालीं, धातूंतील दोष शोधणाऱ्या यंत्राच्या साह्यानें, कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी हृदयावर सोडून त्यांचे प्रतिध्वनि टिपले. पुढें १९८८ सालीं अमेरिकेंत इलायस झेरहूनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चुंबकीय चित्रणांत स्नायूवर काळ्या रेघा उमटविण्याची युक्ति योजिली. चौकडीचें कापड पिळलें असतां चौकड्या वांकतात, तशाच ह्या रेघा वांकतात. जेथें त्या कमी वांकतात, तेथें स्नायु दुबळा, हें उघड होतें. इतकेंच नव्हे, तर भिंत जाड होण्यापूर्वींच कांहीं दोषधारकांचें हृदय सैल पडण्यांत मंद झालेलें आढळलें आहे.

आमच्या वाचकांस आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे : घरांत एकास हा विकार निघाल्यास त्याचे आईबाप, भावंडें व मुलें ह्यांनींहि, कांहीं त्रास नसला तरी, तपासून घ्यावें. मुलांचें हृदय एकदां निर्दोष ठरलें म्हणून निश्चिंत राहूं नये. वाढत्या वयांत परीक्षा पुनःपुनः करावी लागते. आणि विद्यार्थिमित्रांनो, धांवतांना घेरी आल्यास लाजेनें ती लपवूं नका. त्याच दिवशीं घरीं सांगा.