‘आधी घरी ये, मग बघू’

बेंगळुरूतल्या मराठी आईबाबांनो, आज थोडं अवघड बोलायचं आहे. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात आपण भेटतो तेव्हा मुलांचं पॅकेज, फ्लॅटचे भाव, पाण्याचे टँकर असं सगळं बोलून होतं. घराण्याच्या इज्जतीपायी आईबापांनीच मुलीला मारलं, असल्या बातमीचा विषय मात्र निघत नाही. निघालाच तर कुणीतरी म्हणतं, ‘ते खेड्यापाड्यात हो, आपल्यात कुठे!’ आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

ते खेडं फार लांब नाही. आपला विमानतळ ज्या देवनहळ्ळी तालुक्यात आहे, तिथल्याच एका गावात ऑक्टोबर 2023 मध्ये विशीतल्या मुलीचा खून झाला. आरोप होता बापावर, कारण तिचं प्रेमप्रकरण. 2020 साली बेळगाव जिल्ह्यातली एक शिक्षिका याच विमानतळावरून दिल्लीला गेली होती. हुबळीहून बेंगळुरू, बेंगळुरूहून दिल्ली, आणि तिथे तिने आपल्या पसंतीच्या प्राध्यापकाशी लग्न केलं. मुलगी एमए बीएड, मुलगा एमटेक, दोघेही सज्ञान, दोघेही कमावते. वडिलांनी मुरगोड पोलीस ठाण्यात ‘मुलगी बेपत्ता’ अशी तक्रार दिली. लग्नाचा दाखला पोहोचल्यावरही पोलीस म्हणत राहिले, ठाण्यात येऊन जबाब दे, नाहीतर नवऱ्यावर अपहरणाचा गुन्हा घालू. ती गेली नाही, सर्वोच्च न्यायालयात गेली. 8 फेब्रुवारी 2021 ला न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि हृषिकेश रॉय यांनी ती तक्रारच रद्द केली. तपास अधिकाऱ्याला समुपदेशनाला पाठवा, असंही सांगितलं. आईवडिलांनी हे लग्न स्वीकारावं, मुलीशीच नव्हे तर जावयाशीही संबंध जोडावेत, अशी आशाही त्याच निकालात आहे.

ती गावी का परतली नाही, हे मात्र आपण आईबाप म्हणून नीट समजून घ्यायला हवं.

जून 2013, नाशिक. मुलीने जातीबाहेर लग्न केलेलं, दिवस भरत आलेले. वडील तिच्या सासरी आले, घरचं माणूस आजारी आहे म्हणाले आणि तिला रिक्षातून घेऊन निघाले. वाटेत त्यांनी दोरीने तिचा गळा आवळला. खालच्या न्यायालयांनी दिलेली फाशी ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदलली आणि वीस वर्षं विनासवलत कैद ठेवली. डिसेंबर 2021, वैजापूर तालुक्यातलं लाडगाव. पळून जाऊन लग्न केलेली मुलगी शेतात काम करत होती. आई आणि भाऊ आलेले दिसताच हातातलं काम टाकून धावत घरी आली, त्यांना पाणी दिलं आणि चहा ठेवायला चुलीकडे वळली. पाठीमागून भावाने कोयत्याने वार केले आणि आईने तिचे पाय धरले, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. तीही गरोदर होती.

या दोघींना कुणी अंधारात गाठलं नव्हतं. एकीला वडील आजारपणाची बातमी घेऊन आले म्हणून ती रिक्षात बसली, दुसरीला माहेरचं माणूस दारात दिसलं म्हणून तिने आधण ठेवलं. दोघींचा जीव गेला तो माहेरावरच्या विश्वासापायी.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय कोयता घेऊन बसलोय का? नाही. पण ‘आजीला बरं नाही, ताबडतोब निघ’ असा खोटा फोन आपल्यातल्याही काहींनी केलेला आहे. पोर पीजीतून धावत घरी येते. मग फोन काढून घेतला जातो, नोकरीचा राजीनामा परस्पर पाठवला जातो, मामा-काकांची बैठक बसते आणि बाबांचं बीपी वाढतं. इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर हे होतं, म्हणून याला आपण ‘समजावणं’ म्हणतो. शेजाऱ्यांनी असंच कुणाला कोंडून ठेवलं, तर आपण पोलिसांना बोलावू.

आणि भावकी! गाव सोडून आपल्याला वीस-पंचवीस वर्षं झाली, पण भावकी व्हॉट्सॲपवरून आपल्याबरोबर आली. तिकडे कुणीतरी ‘नाक कापलं’ असं लिहितं आणि इकडे आपला रक्तदाब वाढतो. तुमच्या घराचा हप्ता यांच्यापैकी एकानेही कधी भरलेला नाही.

‘पण आपली संस्कृती...’ हे पालुपद आता येणारच. कुठली हो संस्कृती? आपण राहतो त्या राज्यातच बाराव्या शतकात, कल्याणला, बसवेश्वरांच्या शरणांमध्ये एक लग्न झालं. मुलगी मधुवरसाची, म्हणजे मूळच्या ब्राह्मणाची, आणि मुलगा हरळय्याचा, म्हणजे चांभाराचा. राजा बिज्जळाच्या राज्यात कल्लोळ उठला आणि परंपरा सांगते, दोन्ही व्याह्यांना मृत्युदंड झाला. गिरीश कार्नाडांचं ‘तलेदंड’ नाटक त्याच काळावर आहे. मुलांच्या लग्नाला हो म्हणाले म्हणून जीव गमावणारे दोन बाप याच मातीत होऊन गेले. त्यांची संस्कृती आपण वारशात धरतच नाही. आणि डिसेंबर 2025 मध्ये हुबळीजवळच्या इनाम वीरापूर गावात, लिंगायत घरातल्या गरोदर मुलीचा तिच्या सासरी जाऊन खून झाला. जावई दलित. आरोप बापावर आणि नातेवाइकांवर. बसवण्णांच्या तसबिरीखाली वाढलेल्या घरातसुद्धा हे होऊ शकतं, तर तसबीर लावून आपण काय मिळवलं?

आपली मक्तेदारी इथेही नाही. पाकिस्तानात 2016 साली कंदील बलोच या तरुणीला भावाने मारलं, तेव्हा तोही घराण्याची अब्रूच सांगत होता. तिथे घरच्यांनी माफ केलं की खुनी सुटायचा. त्यानंतर त्याच वर्षी तिथल्या संसदेला कायदा बदलावा लागला. धर्म वेगळा, भाषा वेगळी, सबब तीच.

मुलीची निवड तुम्हाला पसंत पडलीच पाहिजे, असं मी म्हणत नाही. मुलगा कर्जबाजारी असेल, पिणारा असेल, तर तोंडावर सांगा, भांडा, वाटल्यास लग्नाला जाऊ नका. तो तुमचा हक्क आहे. पण आजारपणाचं खोटं निमित्त करून तिला बोलावू नका. ती कुठे आहे हे ठाऊक असताना ‘बेपत्ता’ अशी तक्रार देऊ नका. ‘मी जीव देईन’ हे वाक्य तर घरात उच्चारूच नका, कारण ते ऐकून घरातलं दुसरंच कुणीतरी पेटून उठतं.

अनेकदा पेटतो तो भाऊ. ‘बहिणीवर लक्ष ठेव’ हे काम आपण त्याला दहाव्या वर्षी लावून देतो, ती ट्यूशनला जाते तेव्हापासून. विशीत आल्यावर ‘ताईचं तू बघू नकोस, तिचं ती बघेल’ हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगायला लग्नाची बातमी येण्याची वाट कशाला पाहायची? तो जेवायला बसेल तेव्हा सांगा, आणि ती समोर असताना सांगा, म्हणजे दोघांनाही कळेल.

महाराष्ट्रात साताऱ्याजवळ अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा जोडप्यांसाठी निवारा उभा केला आहे. मार्च 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अशा सुरक्षित घरांचा विचार करायला राज्यांना सांगितलं होतं. चांगलंच झालं. पण तिथे जाणाऱ्या प्रत्येक मुलीला आईबाप आहेत, त्यांचं घर आहे आणि त्या घराचा पत्ता तिला तोंडपाठ आहे.