गहाळ अंक : ग्रंथालयाचे कर्तव्य आणि इतिहासाचे ऋण

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' ही पाक्षिके सुरू केली. महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये त्यांचे अंक ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कोणीतरी ते अंक तोवर जिवापाड जपले, म्हणूनच हे शक्य झाले.

ग्रंथ एकदाच येतो. नियतकालिक मात्र सतत येत राहते. त्यामुळे न आलेला अंक सहज लक्षात येत नाही. यावर डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी त्रिपत्रक पद्धती सुचविली. तीतील तपासणी-पत्रके अंक अपेक्षित असलेल्या आठवड्यानुसार लावतात. अंक आला की पत्रक पुढचा अंक अपेक्षित असलेल्या आठवड्यात सरकते. जे मागे राहते, त्याचा अंक आलेला नाही, हे ग्रंथपालास तत्काळ कळते.

मग प्रकाशकास किंवा वितरकास स्मरणपत्र धाडावे. त्यात वर्गणीदार क्रमांक, वर्ष, अंक आणि महिना स्पष्ट लिहावा. विलंब करू नये. शिल्लक प्रती मोजक्याच असतात आणि मुदत उलटल्यावर प्रकाशक विनामूल्य प्रत देण्यास बांधील राहत नाही. अंक संपला असल्यास जुन्या अंकांच्या विक्रेत्याकडे शोधावा, अथवा अन्य ग्रंथालयातून छायाप्रत मिळवावी. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांना ज्या ग्रंथालयांत प्रती द्याव्या लागतात, त्यांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय यांचा समावेश आहे. तेथेही चौकशी करावी.

इतके करूनही अंक न मिळाल्यास बांधणीच्या वेळी त्या जागी 'अमुक अंक उपलब्ध नाही' अशी चिठ्ठी अवश्य लावावी. एम.ए.च्या अभ्यासकाळात एका ग्रंथालयातील बांधीव खंडात मला हवा असलेला अंकच नव्हता आणि तशी नोंदही नव्हती. अंक निघालाच नाही, की हरवला, हे ठरविण्यात माझे कित्येक दिवस गेले. प्रामाणिक नोंदीने ते वाचले असते.

विद्यार्थी मित्रहो, ज्या समाजाला शतकानुशतके लेखणी नाकारली गेली, त्याचा इतिहास राजदरबारच्या बखरींत फारसा सापडत नाही. तो अशाच पातळ, स्वस्त कागदाच्या अंकांत असतो. एक अंक हरवला तर एखाद्या गावच्या सभेचा, पाणवठ्याच्या लढ्याचा एकमेव पुरावा हरवू शकतो. म्हणून वाचनालयातील अंक वाचून झाल्यावर जागेवर ठेवा, त्यातील पान फाडू नका आणि घरातील जुने अंक रद्दीत घालण्यापूर्वी ग्रंथपालांना दाखवा. कदाचित त्यांच्या यादीतील रिकामी जागा तुमच्याच घरातील अंकाने भरून निघेल.