गव्हर्नरची मुदत कोण ठरवणार?

नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं हमखास विचारतात, 'मुदत पाचच वर्षं का?' अशा वेळी मी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचं उदाहरण देतो. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नव्हे बरं का! तो लोकांनी थेट निवडलेला, राज्याचा कारभार चालवणारा.)

तिथे गव्हर्नरची मुदत अवघी दोन वर्षे होती. बिल क्लिंटन १९७८ ला निवडून आले आणि १९८० ला लोकांनी त्यांना घरी बसवलं. काम सुरू होतं न होतं, तोच पुन्हा प्रचार! १९८२ ला ते परत आले. १९८४ च्या निवडणुकीत मतदारांपुढे राज्यघटनेची ६३ वी दुरुस्तीही होती: मुदत चार वर्षे करायची का? बहुमत 'हो' म्हणालं. पण त्याच दिवशी निवडून आलेल्या क्लिंटन यांना मिळाली दोनच वर्षे. नवी मुदत १९८६ च्या निवडणुकीपासून.

आपल्याकडे १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षे झाली, ती संसदेच्याच मताने. ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच झाली, तीही संसदेतच.

आता मुलांना विचारा: दोन वर्षांत गव्हर्नर बदलायची संधी आर्कान्साच्या मतदारांनी स्वतःहून का सोडली असेल?