जलसंजीवनीचे पाकीट वाचू या

प्रस्तावना

आपल्या देशात औषधांच्या पाकिटांवरील बराचसा मजकूर इंग्रजी भाषेत असतो. इंग्रजी येत नाही म्हणून आपण तो वाचण्याचे टाळतो आणि दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबून राहतो. वास्तविक अशा मजकुरात मोजकेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते ओळखता आले, तर पुष्कळसा अर्थ हाती लागतो. अतिसारावरील 'ओआरएस' म्हणजेच जलसंजीवनी हे उदाहरण घेऊन या पाठात आपण अशा वाचनाचा सराव करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• जलसंजीवनीचे कार्य कसे चालते हे सांगू शकाल;
• पाकिटावरील इंग्रजी सूचनांतील महत्त्वाचे शब्द ओळखू शकाल;
• अंक आणि एकक यांची सांगड घालून अर्थ लावू शकाल;
• उत्पादनाचे नाव आणि त्यातील घटक यांतील फरक जाणून निवड करू शकाल.

मूळ पाठ

१. एका साध्या मिश्रणाची कथा

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. दाटीवाटीच्या छावण्यांत शुद्ध पाणी नव्हते, मलमूत्राच्या विल्हेवाटीची सोय नव्हती. अशा परिसरात पटकी, म्हणजे कॉलरा, झपाट्याने पसरला. सीमेजवळील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबिस रुग्णांवर उपचार करीत होते. शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा अपुरा पडू लागला, तेव्हा त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. १ लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण तयार करून ते रुग्णांना तोंडावाटे पाजण्यास त्यांनी आरंभ केला. पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. छावण्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. डॉक्टरांच्या देखरेखीखालील रुग्णांत ते ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. डॉ. महालनोबिस यांचे २०२२ साली निधन झाले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

२. मिश्रणामागील विज्ञान

अतिसारात शरीरातून पाणी आणि क्षार वेगाने बाहेर पडतात. त्यांची भरपाई झाली नाही, तर रुग्ण दगावू शकतो. नुसते पाणी पाजल्याने गेलेले क्षार भरून निघत नाहीत. मात्र लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हे एकमेकांच्या साहाय्याने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० साली ग्लुकोज व सोडियम यांचे हे नाते मांडले. जुलाब चालू असतानाही ही व्यवस्था बहुतांशी शाबूत राहते. जलसंजीवनीचे सारे बळ यातच आहे.

म्हणूनच येथे प्रमाणाला फार महत्त्व आहे. साखर अति झाली, तर ती शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मीठ अति झाले, तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

३. सूचनांचे वाचन

आता पाकीट हाती घेऊ. 'ओरल' म्हणजे तोंडावाटे घ्यावयाचे, 'रीहायड्रेशन' म्हणजे शरीरातील पाण्याची भरपाई आणि 'सॉल्ट्स' म्हणजे क्षार. या तीन शब्दांची आद्याक्षरे मिळून 'ओआरएस' हे नाव झाले आहे.

त्याखाली पुढील आशयाची सूचना आढळते : 'डिझॉल्व्ह द होल पॅकेट इन वन लिटर ऑफ ड्रिंकिंग वॉटर.' मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजी सूचनेत ते आरंभीच येते. 'डिझॉल्व्ह' म्हणजे विरघळवा. 'होल' म्हणजे संपूर्ण. हा लहानसा शब्द वगळला, तर कोणी अर्धेच पाकीट वापरील. 'वन लिटर' हे प्रमाण नजरेतून सुटले आणि तेच पाकीट २०० मिलिलिटरच्या पेल्यात विरघळवले, तर द्रावण पाचपट तीव्र होईल. बाजारात २०० मिलिलिटर पाण्यासाठी वेगळी लहान पाकिटेही मिळतात. म्हणून अंदाज न करता आपल्या हातातील पाकिटावर काय छापले आहे ते वाचावे.

'बॉइल' म्हणजे उकळणे. 'बॉइल्ड अँड कूल्ड वॉटर' म्हणजे उकळून थंड केलेले पाणी. याउलट 'डू नॉट बॉइल द सोल्यूशन' म्हणजे तयार द्रावण उकळू नये. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, पण अर्थ परस्परविरुद्ध. मराठीतील 'नये' शेवटी येते, तर इंग्रजीतील 'डू नॉट' आधीच येऊन जाते. घाईने वाचणाऱ्याचे नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते.

'यूज विदिन ट्वेंटी-फोर अवर्स' म्हणजे २४ तासांच्या आत वापरा. 'डिस्कार्ड' म्हणजे टाकून द्या. उरलेले द्रावण त्यानंतर ठेवू नये, कारण त्यात जंतू वाढू शकतात. 'एक्स्पायरी' या शब्दापुढे केवळ महिना आणि वर्ष असेल, तर त्या महिन्याच्या अखेरपर्यंत औषध वापरता येते.

अंकाइतकेच त्यापुढील एककही महत्त्वाचे असते. 'जी' म्हणजे ग्रॅम आणि 'एमजी' म्हणजे मिलिग्रॅम, अर्थात ग्रॅमचा हजारावा भाग. अतिसार झालेल्या बालकांना जलसंजीवनीबरोबर झिंक देतात. सहा महिन्यांवरील बालकासाठी त्याची मात्रा रोज २० मिलिग्रॅम, तर दोन ते सहा महिन्यांच्या बालकासाठी १० मिलिग्रॅम असते. आपल्याकडे ते १४ दिवस देतात. जुलाब थांबले तरी ही मुदत पूर्ण करावयाची असते.

४. नाव पाहावे की घटक?

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून स्वीकारलेल्या सूत्रानुसार १ लिटर द्रावणात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. यांची बेरीज २०.५ ग्रॅम होते.

काही गोड पेयांच्या वेष्टनांवरही 'ओआरएस' ही अक्षरे छापली जात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नपदार्थांच्या नावात या अक्षरांचा वापर करण्यास मनाई केली. या घटनेतून वाचकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : ठळक नावावर न थांबता 'कॉम्पोझिशन' किंवा 'इन्ग्रीडिएंट्स', म्हणजे घटक, या शब्दाखालील बारीक अक्षरे वाचावीत.

वाचनालाही मर्यादा असते, हे विसरू नये. बालकाचे डोळे खोल गेले, ते मलूल झाले, त्याला पिता येईना किंवा शौचावाटे रक्त पडू लागले, तर विलंब न करता त्याला दवाखान्यात न्यावे. वाटेतही जलसंजीवनी थोडी थोडी पाजत राहावी. अंगावर पिणाऱ्या बालकाचे दूध बंद करू नये.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. 'होल' या शब्दाचा अर्थ – (क) अर्धे (ख) संपूर्ण (ग) उकळलेले
२. 'डिस्कार्ड' या सूचनेनुसार आपण – (क) ढवळावे (ख) झाकून ठेवावे (ग) टाकून द्यावे

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
३. तयार केलेले द्रावण उकळून घ्यावे.
४. जुलाब थांबताच झिंक बंद करावे.

आपण काय शिकलो?

• ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात व त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते.
• इंग्रजी सूचनेत क्रियापद आणि नकार आरंभी येतात.
• अंक नेहमी त्याच्या एककासह वाचावा.
• नावापेक्षा घटकांच्या यादीवर विश्वास ठेवावा.

स्वाध्याय

१. बनगावच्या छावणीत रोग पसरण्यास परिसराची कोणती स्थिती कारणीभूत ठरली?
२. जलसंजीवनीत साखर अधिक घातल्यास काय होईल? सकारण लिहा.
३. घरातील एखाद्या औषधाचे वेष्टन घ्या. त्यावरील पाच इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून त्यांचे मराठी अर्थ द्या.
४. शेजारच्या घरात कोणालाच इंग्रजी वाचता येत नाही, अशी कल्पना करा. त्यांच्यासाठी जलसंजीवनी तयार करण्याची कृती पाच सोप्या मराठी वाक्यांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (ख) २. (ग) ३. चूक ४. चूक