द्राक्षमळ्यातील कामकरी : या दाखल्यात आपण कुठे उभे आहोत?



आपल्या धर्मग्रामातील गांधीबाग विभागाचा बायबल अभ्यासगट दर शुक्रवारी कुणा एकाच्या घरी जमतो. दुकाने बंद करून येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून वेळ रात्री साडेआठची ठेवली आहे. दहा-बारा जण असतो. सध्या आम्ही प्रभू येशूचे दाखले अभ्यासत आहोत, आठवड्याला एक. आमची पद्धत साधी आहे. उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, पाच मिनिटे शांत बसायचे, कोणता शब्द मनाला भिडला ते प्रत्येकाने सांगायचे, आणि शेवटी या आठवड्यात काय करायचे ते ठरवायचे.

बहुतेक दाखले एका बैठकीत होतात. ‘द्राक्षमळ्यातील कामकरी’ (मत्तय २०:१-१६) या दाखल्याला मात्र आम्हाला दोन शुक्रवार लागले, आणि पहिल्या शुक्रवारी आम्ही चक्क भांडलो. त्या भांडणातून जे हाती लागले ते आपणा सर्वांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

गोष्ट आणि तिची चौकट

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून माणसे कामावर लावतो. दिनार म्हणजे त्या काळची शेतमजुराची एका दिवसाची रोजी. पुढे सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी बाराला आणि तीनला तो पुन्हा जातो. अखेर अकराव्या तासाला, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी पाचच्या सुमारास, तो आणखी काही जणांना घेऊन येतो. हिशेबाच्या वेळी शेवटच्यांना आधी बोलावले जाते आणि त्यांना पूर्ण दिनार मिळतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांनाही तेवढाच. ते कुरकुर करतात.

दाखला समजायचा तर त्याच्या आधी आणि नंतर काय आहे ते वाचावे. आधीच्या अध्यायात पेत्र विचारतो की, आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? (१९:२७). दाखल्यानंतर थोड्याच ओळींनी जब्दीच्या मुलांची आई आपल्या दोन्ही मुलांसाठी उजवी-डावीकडची आसने मागते (२०:२०-२१). म्हणजे ‘आमचा नंबर कितवा?’ हा प्रश्न प्रभूच्या अगदी जवळच्यांच्या मनात घोळत होता. दाखला त्यांच्यासाठी आहे. चर्चमध्ये नेमाने येणाऱ्या आपल्यासाठी आहे.

आमचा वाद

गटातील बऱ्याच जणांचे म्हणणे एकच पडले : हे बरोबर नाही. एका भगिनीचे माहेर शेतकऱ्याचे. ती म्हणाली, “आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. जिने जास्त वेचला तिला जास्त. संध्याकाळी काटा लागतो, मग कुणाची तक्रार नाही.” नोकरी करणाऱ्या एका तरुणीने विचारले, “असे असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे कोण येईल? सगळे पाचलाच येतील!” सगळे हसले, पण उत्तर कुणाजवळ नव्हते.

मग आमच्यातले एक काका बोलले. तरुणपणी त्यांनी याच बाजारात हातठेल्यावर कापडाच्या गाठी ओढल्या आहेत आणि काम नसेल तेव्हा मजुरांच्या ठिय्यावरही उभे राहिले आहेत. ते म्हणाले, “तुम्ही कधी ठिय्यावर उभे राहिले का? ठेकेदार आला की आधी जवान पोरं नेते. मग त्याच्या ओळखीचे. दुपारपर्यंत उरते कोण? म्हातारा, हात मोडलेला, लेकरू कडेवर असलेली बाई. तो माणूस पाच वाजेपर्यंत आळसाने उभा नसते. रिकाम्या हाताने घरी कसं जावं म्हणून उभा असते.”

काही वेळ कुणी बोलले नाही. पाच वाजता उभ्या असलेल्यांना धनी विचारतो की दिवसभर रिकामे का, आणि ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर लावलेच नाही (२०:७). हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे ऐकत होतो, पण ते खरे असेल असे आमच्या मनातही आले नव्हते. शेवटी आलेले म्हणजे कामचुकार, असे आम्ही न वाचताच धरून चाललो होतो.

आता तीच माहेरची शेतकरी असलेली भगिनी म्हणाली, “खरं आहे. काम अर्धं मिळालं म्हणून घरी भाकरी अर्ध्या लागत नाहीत.” एक दिनार हा त्या काळी एका कुटुंबाचा एका दिवसाचा घास होता. धन्याने शेवटच्याला त्याचा बारावा हिस्सा दिला असता तर हिशेब चोख झाला असता आणि लेकरे उपाशी झोपली असती.

पुन्हा वाचताना दिसलेल्या तीन गोष्टी

दुसऱ्या शुक्रवारी आम्ही तोच उतारा पुन्हा वाचला. तीन गोष्टी नव्याने दिसल्या.

पहिली : धन्याजवळ कारभारी आहे (२०:८). माणसे आणायला तो कारभाऱ्याला पाठवू शकला असता. पण बाजारात पाचही वेळा तो स्वतः जातो. परमेश्वर माणसाला शोधायला निघतो ते असे, पुन्हा पुन्हा आणि जातीने.

दुसरी : मजुरी संध्याकाळीच दिली जाते. हे मोशेच्या नियमशास्त्राला धरून आहे. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी, ती रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असा दंडक अनुवाद २४:१५ आणि लेवीय १९:१३ मध्ये आहे. म्हणजे हा धनी न्याय बाजूला सारून दया करत नाही. पहाटेच्या मजुराला ठरलेले पूर्ण देतो, कुणाचे एक पैसाही कापत नाही. न्याय पुरा करून त्यावर तो आपले औदार्य ठेवतो. आमच्या तरुणीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. हा दाखला कारखान्याचे वेतनपत्रक नव्हे. परमेश्वर तारण मापून देत नाही, एवढेच तो सांगतो. पण म्हणून मजुराचे हक्काचे पैसे अडवायला त्यात आधार शोधू नये.

तिसरी : कुरकुर करणाऱ्याला धनी ‘मित्रा’ म्हणून हाक मारतो. मत्तयच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीक भाषेतला हा शब्द तीनच ठिकाणी येतो. इथे, लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या पाहुण्यासाठी (२२:१२) आणि बागेत यहूदाला उद्देशून (२६:५०). तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस चुकलेला आहे, आणि तरी त्याला ‘मित्रा’ अशीच हाक आहे. पुढे धनी विचारतो तेही मोठे नेमके आहे. मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपते का?

ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी या दाखल्यावर पुष्कळ चिंतन केले आहे. दिवसाचे निरनिराळे तास म्हणजे माणसाच्या आयुष्याचे टप्पे, कुणी बालपणी हाक ऐकतो तर कुणी म्हातारपणी, असा अर्थ संत ऑगस्टीन यांनी सांगितला. संत जॉन ख्रिसोस्तोम यांच्या नावाने ओळखले जाणारे पुनरुत्थान सणाचे प्रवचन पूर्वेकडील ख्रिस्तसभांत आजही वाचले जाते. अकराव्या तासाला आलेल्यानेही न भिता मेजवानीस बसावे, असा त्याचा आशय आहे.

आपल्या वस्तीच्या नावातला धागा

या दाखल्याचा आणि गांधीबाग या नावाचाही एक दूरचा संबंध आहे. इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी १८६० साली मजुरी आणि संपत्ती यांवर चार निबंध लिहिले. १८६२ साली ते पुस्तकरूपाने आले. त्या पुस्तकाचे नाव ‘अन्टू धिस लास्ट’, म्हणजे ‘या शेवटच्यालाही’. हे शब्द त्यांनी याच दाखल्यातून घेतले. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून डर्बनला जाणाऱ्या गाडीत गांधीजींनी ते वाचले. त्यांचे मित्र हेन्री पोलाक यांनी ते प्रवासात वाचायला दिले होते. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. वकिलाच्या कामाचे मोल आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, ही गोष्ट त्या पुस्तकाने मनावर ठसवली, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. त्याच वर्षी त्यांनी फिनिक्स आश्रम उभारला. १९०८ साली पुस्तकाचा सारांश गुजरातीत आणताना त्याला नाव दिले ‘सर्वोदय’. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला ते १९३६ साली राहायला आले, तेव्हा हाच विचार त्यांच्यासोबत होता. प्रभूच्या मुखातला एक दाखला केवढा प्रवास करून आपल्या दाराशी आला, पाहा!

जे ऐकून आम्ही खाली पाहिले

खरी परीक्षा मात्र दुसऱ्या बैठकीच्या शेवटी झाली. सणाच्या तयारीचा विषय निघाला आणि वाचनासाठी कुणाची नावे द्यायची यावर बोलणे सुरू झाले. आमच्यापैकीच एक जण बोलून गेली, “ते कुटुंब तर कालपरवा आले, आधी जुन्यांना तरी मिळू द्या.” त्या कुटुंबातील भाऊ तिथेच बसले होते. वीसेक वर्षे चर्चपासून दूर राहून गेल्या वर्षापासून ते पुन्हा मिस्साला येऊ लागले आहेत. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “ताई, आम्ही यायला उशीर केला नाही. आमच्या दाराशीच कुणी उशिरा आलं.”

दाखल्यातील पहाटेचे मजूर कोण, हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. आमच्या ताईंनी तिथेच त्यांची क्षमा मागितली. सणाच्या मिस्सेत पहिले वाचन त्या भाऊंनी केले.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, घरकामाला येणाऱ्या बाईचे, माल पोहोचवणाऱ्या हमालाचे, प्लंबरचे पैसे ‘उद्या या’ म्हणून टाळायचे नाहीत. त्या दिवशीचे त्या दिवशी द्यायचे. दोन, विभागातील ज्या घरी बरेच दिवसांत कुणी गेले नाही अशा पाच घरी महिन्याभरात जायचे. पहिले बहुतेकांनी पाळले. दुसऱ्यात आम्ही कमी पडलो. महिना संपला तेव्हा दोनच घरे झाली होती. धनी पाच वेळा बाजारात गेला, आम्हाला एका जिन्याचा कंटाळा आला. उरलेली तीन घरे या महिन्यात करायची आहेत.

चिंतनासाठी प्रश्न

१. या दाखल्यात मी स्वतःला कोणत्या वेळेचा मजूर समजतो? आणि इतरांना?
२. कुणाला मिळालेली कोणती कृपा माझ्या डोळ्यांत खुपते?
३. माझ्याकडे कुणाची मजुरी आज सूर्यास्तानंतरही अडकून आहे का?
४. माझ्या गल्लीत असे कोण आहे, ज्याला अजून कुणी हाक मारलेली नाही?

प्रार्थना

हे प्रभो, तू आम्हाला आमच्या कामाच्या मापाने नव्हे, तर तुझ्या प्रेमाच्या मापाने देतोस. आमच्या मनातील कुरकुर शांत कर. जे अजून उभे राहून वाट पाहत आहेत, त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी आमच्या पायांना बळ दे. आमेन.

पुढील शुक्रवारी आम्ही ‘हरवलेले नाणे’ (लूक १५:८-१०) हा दाखला घेत आहोत. बायबल नसले तरी या, आमच्याकडे जास्तीच्या प्रती आहेत. उशीर झाला तरी या. दार उघडे असेल.