कोर्टाचा दंड थकला आहे? आधी हा हिशेब पाहा

मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग जेमतेम किलोमीटरभर लांबीचा आहे. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर असल्याने दिल्लीत कामासाठी येणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटत नाही. याच रस्त्यावर फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे आणि इंडिया गेटच्या गोलाला लागून थोडे पुढे पतियाळा हाउस कोर्ट. बदलीवर आलेले कर्मचारी, ओल्ड राजेंद्रनगरमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, एमएच पासिंगची गाडी घेऊन आलेली कुटुंबे या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : दिल्लीत पावती फाडली होती, भरायची राहून गेली, प्रकरण कोर्टात गेले असे कळते, आता किती भरावे लागेल आणि नाही भरले तर काय होईल?

बहुतेकांच्या बाबतीत दंडाची मूळ रक्कम झेपणारी असते. महाग पडतो तो उशीर, आणि त्याहून जास्त गप्प बसणे.

पैसे काढण्याआधी प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा. ई-चलान पोलिसांकडेच असेल तर परिवहन खात्याच्या ई-चलान पोर्टलवर किंवा दिल्ली वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून भरता येते. तिथे कोर्टाचा संबंध येत नाही. मुदतीत भरले नाही की ते व्हर्च्युअल कोर्टाकडे जाते. दिल्लीत हे कोर्ट २०१९ च्या जुलैपासून चालू आहे. व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर जा, दिल्लीचा विभाग निवडा आणि गाडीचा नंबर, चलान नंबर किंवा मोबाइल नंबर टाका. न्यायाधीशांनी ठरवलेला दंड दिसतो आणि समोर दोन पर्याय येतात. दंड भरलात तर गुन्हा कबूल करून प्रकरण तिथेच निकाली निघते. चलान चुकीचे वाटत असेल तर लढण्याचा पर्याय निवडायचा. मग प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या कोर्टात जाते आणि तारीख पडते. नवी दिल्ली जिल्ह्यातले प्रकरण असेल तर पतियाळा हाउस. पुण्या-नाशिकला परतलेल्या माणसाने हजाराच्या चलानासाठी लढायचे ठरवले, तर एका तारखेचा येण्याजाण्याचा खर्चच दंडाच्या वर जातो. पण नंबरप्लेट दुसऱ्याची असेल, गाडी त्या दिवशी दिल्लीत नव्हतीच, असा ठोस पुरावा हातात असेल तर जरूर लढा. कबुली एकदा नोंदली गेली की ती मागे घेणे अवघड जाते.

महाराष्ट्रातल्या चलानांसाठी असेच कोर्ट नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला आहे. त्याचे उद्‌घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी त्या वेळचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. त्यामुळे एकाच गाडीवर काटोलचे आणि दिल्लीचे अशी दोन वेगळी प्रकरणे निघू शकतात. दोन्हीकडे शोधा.

आता दर. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्यात हेल्मेट नसल्यास १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स बाद, सीटबेल्ट नसल्यास १,००० रुपये. कारने वेग ओलांडला तर १,००० ते २,००० रुपये. सिग्नल तोडणे किंवा गाडी चालवताना मोबाइल हातात धरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते : पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये. लायसन्स नसताना गाडी चालवली तर ५,००० रुपये. दारू पिऊन चालवल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे प्रकरण रस्त्यावर मिटत नाही, कोर्टातच जावे लागते.

बाहेरून आलेले लोक दिल्लीत हमखास अडकतात ते प्रदूषणाच्या कलमांत. पीयूसी संपलेली असेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. हिवाळ्यात हवा बिघडून निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू झाला की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल कार रस्त्यावर आणल्याबद्दल २०,००० रुपयांचे चलान होते. जुन्या गाड्यांवरचा निर्बंधही कोपर्निकस मार्गावरूनच निघाला. हरित न्यायाधिकरणाने ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी घातली. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांसह तो निर्बंध २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केला. त्यानंतर यात बदल झाले आहेत, म्हणून निघण्याआधी चालू आदेश पाहूनच गाडी बाहेर काढा.

चलान भरले नाही तर लगेच पोलीस दारात येत नाहीत, आणि तिथेच लोक निर्धास्त होतात. पहिली अडचण आरटीओत येते. गाडी विकताना नाव बदलायचे असते, फिटनेस किंवा दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी एनओसी हवी असते, आणि संगणक थकीत चलान दाखवून काम अडवतो. तोपर्यंत गिऱ्हाइकाने इसार दिलेला असतो. दुसरीकडे नेहमीच्या कोर्टात समन्स निघते. हजर राहिला नाहीत तर वॉरंट निघू शकते आणि ते तुमच्या गावच्या पोलीस ठाण्यामार्फत बजावले जाते. मग वॉरंट रद्द करून घेण्याचा अर्ज, वकिलाची फी, जामीन, रजा आणि प्रवास. हजाराच्या दंडाचे असे कितीतरी पटींनी होते.

कमी पैशात सुटण्याची वाट म्हणजे लोकअदालत. तडजोडीस पात्र चलाने तिथे घेतली जातात आणि रक्कम बऱ्याचदा कमी करून मिळते. दारू पिऊन चालवण्यासारखी प्रकरणे घेत नाहीत. दिल्लीत त्यासाठी तारखेच्या काही दिवस आधी वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावरून स्लिप डाउनलोड करावी लागते. संख्या ठरलेली असते आणि ती झटपट संपते, म्हणून लिंक उघडण्याची वेळ आधी पाहून ठेवा. स्लिपवर कोर्टाचे संकुल, खोली आणि वेळ छापलेली असते. प्रिंट काढूनच न्या. तिथे छपाईची सोय असेल या भरवशावर राहू नका. प्रवेशाला फी नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील चालत नाही, म्हणून आकडा मान्य असेल तरच हो म्हणा.

इथपर्यंत चलानाचे झाले. फौजदारी कोर्टाने निकालात दंड ठोठावला असेल तर मामला गंभीर होतो. निकालपत्रात एक वाक्य असते : दंड न भरल्यास इतके दिवस कैद. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ नुसार ही कैद ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाला जास्तीत जास्त दोन महिने, १०,००० पर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्ष असू शकते. पैसे भरले की ही कैद संपते, आणि थोडे भरले तरी त्या प्रमाणात कमी होते. कायद्यातलेच उदाहरण पाहा (ते केवळ दंडाच्या गुन्ह्याचे नाही) : १,००० रुपये दंड, न भरल्यास चार महिने. पहिला महिना संपण्याआधी ७५० रुपये भरले, तर महिना पुरा होताच सुटका. घरच्यांना हे ठाऊक नसते आणि पूर्ण रक्कम जमेपर्यंत माणूस आत राहतो.

सगळे पैसे एकदम नसतील तर हप्ते मागा. केवळ दंड आणि तो न भरल्यास कैद अशी शिक्षा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ खाली कोर्ट ३० दिवसांची मुदत देऊ शकते किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकते. पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत आणि पुढचे ३०-३० दिवसांच्या अंतराने. त्यासाठी हमीपत्र लिहून द्यावे लागते. हा अर्ज निकालाच्या दिवशीच, कोर्टातून बाहेर पडण्याआधी द्या. न्यायाधीश स्वतःहून विचारतील अशी वाट पाहू नका.

वसुली कशी होते? याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ खाली कोर्ट जंगम मालमत्ता जप्त करून विकण्याचे वॉरंट काढते किंवा जिल्हाधिकाऱ्याला जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करायला सांगते. दिल्लीतल्या कोर्टाचा दंड असला तरी गावच्या सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो तो या मार्गाने. मात्र जिल्हाधिकाऱ्याकडच्या या वॉरंटवर दंड झालेल्या माणसाला अटक करता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. शिक्षेच्या तारखेपासून सहा वर्षांपर्यंत दंड वसूल होऊ शकतो, आणि माणूस वारला तरी त्याच्या मालमत्तेवरची जबाबदारी जात नाही.

कैद भोगली की दंड फिटला, हा समज अर्धाच खरा आहे. न भरल्याबद्दलची पूर्ण कैद भोगली असेल तर साधारणपणे पुन्हा वसुली होत नाही. खास कारणे लेखी नोंदवली तरच होते. पण कोर्टाने नुकसानभरपाई द्यायला सांगितली असेल तर ती कैद भोगूनही देणे लागते. चेक बाउन्सच्या प्रकरणांत हे फार घडते. तिथे दंड चेकच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि भरपाई वसूल होते असे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात २०१८ मध्ये त्याच कोर्टाने आणखी सांगितले की वेगवेगळ्या दंडांपोटीच्या कैदा एकत्र भोगता येत नाहीत, एकामागून एक भोगाव्या लागतात. म्हणून अनेक कलमांखाली दंड झाला असेल तर बेरीज रुपयांची आणि महिन्यांची, दोन्ही करा.

रक्कम लहान म्हणून दुर्लक्ष करू नये याचे उदाहरण कोपर्निकस मार्गापासून हाकेच्या अंतरावर टिळक मार्गावर घडले. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने अवमान प्रकरणी ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना एक रुपया दंड केला. १५ सप्टेंबरपर्यंत न भरल्यास तीन महिने कैद आणि तीन वर्षे त्या कोर्टात वकिलीस मनाई, असा आदेश होता. त्यांनी तो मुदतीच्या आदल्या दिवशी भरला.

छोटा कारखाना किंवा हॉटेल चालवणाऱ्यांना फरीदकोट हाउसचा आदेश हातात पडला तर वेगळी घाई करावी लागते. हरित न्यायाधिकरणाचा आदेश मोडल्यास कायद्यात १० कोटी रुपयांपर्यंत, कंपनीला २५ कोटींपर्यंत दंड आहे. आदेश मोडणे चालूच राहिले तर रोजचा दंड वेगळा. सुप्रीम कोर्टात अपिलाची मुदत ९० दिवस आहे. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या प्रकरणासाठी दिल्ली गाठावीच लागते असे नाही.

पैसे भरताना कोर्टाच्या गेटबाहेर भेटणाऱ्या मध्यस्थाच्या हातात रोकड देऊ नका. दिल्लीच्या कोर्टात फाइल अहलमदाकडे, म्हणजे फाइली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असते. केस नंबर सांगून पुढची तारीख आणि भरायची नेमकी रक्कम तिथे विचारता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली तर ती उघडू नका, खाते रिकामे होते. पावतीवर केस नंबर, रक्कम आणि तारीख बरोबर आहे ना ते खिडकीवरच वाचा, आणि आठवडाभराने संकेतस्थळावर प्रकरण ‘निकाली’ दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर पावती दाखवून नोंद करून घ्या.

कोणी केवळ दंडाच्या पैशांअभावी तुरुंगात असेल तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैदी सहाय्य योजनेत २५,००० रुपयांपर्यंतचा दंड सरकार भरते. जिल्हा पातळीवरची समिती ते ठरवते. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीएची प्रकरणे त्यात बसत नाहीत. ही योजना घरच्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ओळखीत असे कोणी असेल तर तुरुंग अधीक्षकांकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला त्यांना आजच सांगा. मोफत कायदेशीर मदतीचा नंबर १५१०० आहे आणि तो दिल्लीत चालतो तसा महाराष्ट्रातही चालतो.